वारं गेल्यानंतर

अंगावरून वारं गेलं, असं म्हणतात आमच्याकडे.
माझ्या उजव्या अंगावरून गेलं,
ईद होऊन नवव्या दिवशी, भाट्याच्या खाडीकाठी.
हातोडी पडली ती मला दिसली.
पडल्याचं हाताला कळलं नाही.

चाळीस वर्षं पाणी अडवायचं काम केलं.
फळी-फळीच्या सांध्यात कापसाची वात ठासायची,
वर राळ, वर तेल.
राजिवड्याच्या निम्म्या होड्या
इसाक होडेकराच्या हाताने कोरड्या राहिल्या,
आणि आता मीच एका बाजूने गळतो:
चहा, लाळ, शब्द.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. दवाखान्याचा दुसरा मजला.
पांढरा एक हात, कोपरात मोटर.
त्यात माझा हात बांधते केतकी गुरव,
माझ्या नातीच्या वयाची इंजिनियर.
पट्टा ओढताना विचारते, ‘घट्ट होतोय का, चाचा?’
कळत नाही गं, तेच तर दुखणं.

पडद्यावर ठिपका. तो गाठायचा.
पहिला आठवडा यंत्रच गाठत होतं,
माझा हात त्याच्या मागून
बाजारात आईचं बोट धरलेल्या पोरासारखा.
मी खूश. हललो ना!
केतकी खूश नव्हती.
‘हे तुमचं नाही, हे मोटरचं.
आयतं मिळालं की मेंदू बसून खातो.’
आणि तिने कुठलासा आकडा कमी केला.

तेव्हापासून यंत्र वाट बघतं.
मी जोर लावला तर ते आपला काढून घेतं,
अगदीच अडलो की टेकू, बोटभर, जास्त नाही.
उस्मान मिस्त्री असाच होता.
पटाशी धरायला शिकवताना माझ्या मुठीवर त्याची मूठ,
आणि एके दिवशी उचलली.
सांगितलंसुद्धा नाही.

माझ्या हाताची रेघ पडद्यावर उमटते,
दारू प्यालेल्या सापासारखी.
शेजारी यंत्राची रेघ, ओळंब्याने मारलेली.
मी विचारलं, सरळच कशाला?
माझा एक ठोका कधी दुसऱ्यासारखा पडला नाही.
खांदा धरला की मनगटातून मारला,
होडीखाली उताणा पडून कोपरातून मारला,
पावसाळ्यात ओल्या दांड्याने, उपाशीपोटी, भांडून आल्यावर,
वाट दरवेळी नवी,
पटाशीचं डोकं तेवढं तेच.

एवढं सांगायला पाव तास गेला.
निम्मे शब्द तिनेच ओळखले,
दोन चुकीचे ओळखले, ते मी तसेच राहू दिले.
तिने वहीत लिहून घेतलं.

पुढच्या सोमवारी ठिपका एका जागी नव्हता.
कधी वर, कधी पोटाशी,
आणि मध्येच यंत्राने माझा हात बाजूला लोटला,
खाडीच्या तोंडाशी होडीला लोटतात तसा.
मी तिच्याकडे बघितलं.
‘मुद्दाम,’ ती म्हणाली. ‘चुकला की हात शिकतो.’
‘हरामखोर!’
यंत्राला म्हणालो मी.
वारं गेल्यापासूनचा पहिला अख्खा शब्द,
कुठेही न गळलेला.
ती हसत सुटली. मग तेही लिहिलं, वेळ घालून.

अजून चार आठवडे. मग अभ्यास संपणार,
यंत्र खोक्यात भरून पुण्याला जाणार.
हाताला काय, तो इथेच राहणार.

काल रात्री जुलेखा झोपल्यावर
उशीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून चिमूटभर कापूस काढला,
मांडीवर ठेवून वळत बसलो.
अंगठा येतो. तर्जनी येते, उशिराने.
मधलं बोट अजून पाहुणं आहे.
बारा वाजून गेले तेव्हा वीतभर वात झाली,
गाठीगाठीची, मध्ये फुगलेली,
असल्या वातीने होडी
बंदरातच बुडवली असती मी.

शर्टाच्या खिशात ठेवली आहे.
शुक्रवारी केतकीला दाखवीन.
यंत्रासमोर नाही काढायची.
ते लगेच टेकू द्यायला येईल.